अडखळण्याची मुभा



आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकतो. मी अडखळतो. पुढच्या तासाभरात मी बऱ्याच वेळा अडेन. कधी एखादं अक्षर चार वेळा येईल, कधी तोंड उघडं राहील आणि आवाजच फुटणार नाही. माईक बिघडलेला नसेल, त्यामुळे ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या मित्राने धावत येऊ नये. मी विसरलेलोही नसेन. पहिल्या रांगेतल्या मंडळींना विशेष विनंती, मला शब्द पुरवू नका. मला कोणता शब्द हवा आहे ते मला ठाऊक असतं, फक्त तो यायला वेळ लागतो. हे व्याख्यान पुढे छापलं जाईल तेव्हा संपादक माझे सगळे 'म-म-म' काढून टाकतील आणि वाचणाऱ्याला वाटेल, काय घडाघडा बोलला हा गृहस्थ! ते कौतुक त्यांनी मुद्रितशोधकाकडे पोचवावं.

संयोजकांनी विषय दिला होता, 'स्वतःला स्वीकारताना'. फार मोठा विषय. यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि आरशासमोर उभं राहून स्वतःला चार चांगली वाक्यं ऐकवा असं सांगणारी पुस्तकं प्रत्येक रेल्वे स्टेशनवर मिळतात. मी त्या वाटेने जाणार नाही. मला ज्यातलं कळतं त्याबद्दलच बोलेन. अडखळणाऱ्या माणसांना स्वीकार म्हणजे काय ते फार जवळून दिसतं. आमचं दुखणं लपवता येण्याजोगं असतं, आणि म्हणूनच ते लपवण्यात आयुष्य जातं.

अडखळणं आहे तरी काय? साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात ते सुरू होतं. ढोबळ मानाने शंभरातल्या पाच मुलांना कधी ना कधी ते होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांचं आपोआप किंवा उपचाराने जातं. मोठ्या माणसांत शंभरात एक उरतो. उरतात त्यांत पुरुष जास्त, बाईमागे साधारण चार. हे घराण्यांतून येतं. 2010 साली अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटाने याच्याशी संबंध असलेले काही जनुकीय बदल शोधले, आणि त्या शोधाची सुरुवात पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून झाली होती. बोलण्याचं नियोजन करणाऱ्या मेंदूच्या भागांतल्या जोडण्या आमच्यात थोड्या वेगळ्या असतात, असंही तपासण्यांत दिसलं आहे. म्हणजे आईने लाड केले म्हणून नाही, वडिलांनी मारलं म्हणून नाही, कुणाची नक्कल केली म्हणूनही नाही.

हे आज कळलं. याआधी काय काय झालं? ग्रीसमधल्या डेमॉस्थेनिसने तोंडात खडे ठेवून भाषणाचा सराव केला, अशी कथा आहे. आपल्याकडे वेखंड उगाळून चाटवतात, त्याची चव ज्याला आठवते त्याला तो ग्रीक भाग्यवान वाटेल. 1841 साली बर्लिनमध्ये डीफेनबाख नावाच्या नामांकित शल्यविशारदाने अडखळणं बरं करायला रुग्णांच्या जिभेचा तुकडा कापायला सुरुवात केली. भूल देण्याचं तंत्र तेव्हा आलेलं नव्हतं. जीभ बिचारी निर्दोष होती!

आमच्या घराघरांत एक पुरावा नेहमी मांडला जातो. "रामरक्षा म्हणताना तर अडत नाहीस. मग बोलताना कसं होतं?" यात आरोप असतो, की मुलगा मुद्दाम करतो, किंवा मन लावत नाही. खरी गोष्ट अशी, की गाताना, सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना, घरच्या मांजराशी बोलताना, एकटं असताना बहुतेक अडखळणारे अडत नाहीत. वर्गात सगळ्यांबरोबर पाढे म्हणणारा मुलगा आणि उभं राहून 'हजर' म्हणताना घामाघूम होणारा मुलगा एकच असतो. घरच्यांना हे कोडं सुटत नाही, आणि मुलाला तर मुळीच सुटत नाही. आपण कधीकधी नीट बोलू शकतो हे त्याला माहीत असतं. म्हणजे जेव्हा बोलू शकत नाही तेव्हा चूक आपलीच, असा हिशेब तो मांडतो. कायमचा अधू असता तर कदाचित स्वतःला लवकर माफ केलं असतं त्याने.

आणि मग सुरू होतं लपवणं.

लपवणं म्हणजे काय करतात ते सांगतो, कारण न अडखळणाऱ्याला याची कल्पना येणं कठीण आहे. बदलापूरला राहणारा माणूस तिकीट खिडकीवर 'ब' येणार नाही हे ओळखून कर्जतचं तिकीट काढतो. पाच स्टेशनांचे जादा पैसे भरतो आणि बदलापूरला उतरतो. हॉटेलात मिसळ हवी असते, पण 'म' अडणार हे आतून कळतं, म्हणून वडा मागवतो. वडा खाताना समोरच्याची मिसळ बघतो. कित्येकांनी वर्षानुवर्षं स्वतःला आवडणारं खाल्लेलंच नाही. बस कंडक्टरला सुटे पैसे आणि हाताची बोटं दाखवणं, फोन वाजला की बाथरूममध्ये जाणं, वर्गात उत्तर येत असूनही 'येत नाही' म्हणणं. हे शेवटचं नीट ऐका. मठ्ठ ठरणं परवडलं, तोतरा ठरणं नको.

आमच्या डोक्यात सतत एक शब्दकोश चालू असतो. पुढच्या वाक्यात 'प' येतोय, 'पाणी' नको, 'जल' म्हणू का? लोक हसतील. 'तहान लागली' म्हणू. असं अदलाबदलीवर निभावत जातं. काही जण यात इतके तरबेज होतात, की बायकोला लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळतं. बाहेरून पाहणारा म्हणतो, किती छान बोलतात, जरा विचार करून बोलतात इतकंच.

पण एका शब्दाला पर्याय नसतो. स्वतःच्या नावाला. अडखळणाऱ्या कोणालाही विचारा, सर्वांत अवघड शब्द कोणता? तो म्हणेल, माझं नाव. तिथे पळवाट नाही. म्हणून फोनवर, गाडीत भेटलेल्या माणसाला, कधी चहाच्या दुकानात लोक दुसऱ्याचं नाव सांगतात. जे नाव सहज तोंडातून निघेल ते. श्रोतेहो, स्वतःला नाकारणं याहून शब्दशः कसं असू शकतं? हा माणूस तत्त्वज्ञान करत नाहीये, त्याला फक्त चहा हवा आहे, आणि त्यासाठी तो स्वतःचं नाव सोडून देतो.

जोसेफ शीहान नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः अडखळणारे. त्यांनी अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली. लोकांना ऐकू येतं ते पाण्यावरचं टोक. खाली भीती, लाज, अपराधीपणा, आणि ते लपवण्याचा सगळा खटाटोप. शीहानांचं म्हणणं हे, की वरचं टोक छाटत बसू नका, खालचं उन्हात आणा.

इथे मला एक वाईट गोष्ट सांगावी लागेल. 1939 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्टच्या अनाथालयातल्या 22 मुलांवर एक प्रयोग झाला. प्रयोग वेन्डेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली, मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने केला. जॉन्सन स्वतः अडखळणारे आणि या विषयातले फार मोठे अभ्यासक. नीट बोलणाऱ्या काही मुलांना सांगण्यात आलं, की तुमच्या बोलण्यात दोष दिसतो आहे, तुम्ही अडखळायला लागला आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. काय झालं असेल? मुलं तोतरी झाली नाहीत. पण ती गप्प झाली. बोलायला घाबरू लागली, शब्द तोलूनमापून काढू लागली. या प्रयोगावरचा प्रबंध कित्येक दशकं दबून राहिला आणि 2001 मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आला. ट्यूडर यांच्या विद्यापीठाने माफी मागितली, पुढे राज्य सरकारने नुकसानभरपाईही दिली.

जॉन्सनना वाटत होतं, की पालकांनी 'अडखळतोस' म्हटल्यामुळेच मूल अडखळू लागतं. ते चुकीचं निघालं, आणि त्या सिद्धान्तापायी कित्येक आया आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिल्या. पण त्या निर्दयी प्रयोगातून एक गोष्ट मात्र उघडी पडली. अडखळणं वेगळं आणि अडखळण्याची लाज वेगळी. अडखळणं नसलेल्या मुलातही ती लाज पेरता येते. आणि जी पेरता येते ती उपटताही येत असली पाहिजे, नाही का?

ती उपटायची कशी, हे मला ज्यांच्याकडून सर्वांत चांगलं कळलं ते चार्ल्स व्हॅन रायपर. 1905 साली मिशिगनमधल्या एका खेड्यात, डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. भयंकर अडखळायचे. शिक्षण झालं पण नोकरी टिकेना. शेवटी एका शेतावर त्यांनी मुकाबहिरा गडी असल्याचं सोंग घेऊन काम धरलं. विचार करा, शिकलासवरलेला माणूस, ऐकू येतंय, बोलता येतंय, आणि तो मुक्या-बहिऱ्याचं आयुष्य पत्करतो. का? अडखळायला नको म्हणून!

ते सोंग काही फार दिवस निभलं नाही. परत येताना रस्त्यात एका म्हाताऱ्याने त्यांना गाडीत घेतलं. व्हॅन रायपर बोलायला गेले आणि नेहमीप्रमाणे तोंड वाकडं करून अडकले. म्हातारा हसू लागला. यांना संताप आला. मग म्हाताऱ्याने तोंड उघडलं, तर तोही अडखळणारा! पण त्याचं अडखळणं सुटं होतं, ना झटके, ना धडपड. तो म्हणाला ते असं, की तरुणपणी मीही असाच झगडायचो, आता वय झालं, झगडायला त्राण नाही, शब्द जसे येतात तसे येऊ देतो. व्हॅन रायपरना त्या क्षणी वाटलं, आजवर आपण न अडखळायला शिकत होतो. चांगलं अडखळायला का शिकू नये?

पुढे त्यांनी मिशिगनमध्ये वाचोपचाराचं केंद्र उभं केलं, जाडजूड ग्रंथ लिहिले, शेकडो माणसांवर उपचार केले. अडकलेल्या शब्दातून जोर न लावता कसं सुटायचं, अडकून गेलेला शब्द थांबून पुन्हा सावकाश कसा म्हणायचा, याच्या पद्धती त्यांनी बसवल्या. त्या आजही शिकवल्या जातात. ते स्वतः 1994 साली वारले. शेवटपर्यंत अडखळत होते.

आता मला जे सांगायचं आहे ते गाडीतल्या त्या म्हाताऱ्याच्या गोष्टीत आहे. म्हाताऱ्याने अडखळणं आवडून घेतलं होतं का? नाही. त्याला त्याचा अभिमान वाटत होता का? तसंही दिसत नाही. त्याने फक्त एक काम थांबवलं होतं, लपवण्याचं. आपल्याला वाटतं स्वीकार म्हणजे स्वतःबद्दल छान छान वाटणं. मी गेली अनेक वर्षं अडखळतो आणि मला ते आवडत नाही. उद्या सकाळी गेलं तर मी पेढे वाटेन. पण ते आहे, आणि ते असताना मी मिसळ मागवणार आहे. एवढंच.

स्वतःबद्दल छान वाटवण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर करून झालेला आहे. कॅलिफोर्निया राज्याने 1986 मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क एक सरकारी कृतिदल नेमलं. आशा अशी, की माणसांना स्वतःबद्दल चांगलं वाटलं की व्यसनं, गुन्हे, शाळागळती कमी होईल. 2003 मध्ये रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास किंवा काम सुधारतं याला फारसा आधार मिळाला नाही. याचं मला आश्चर्य वाटलं नाही. आत्मसन्मानही शेवटी मोजलाच जातो, आणि जे मोजलं जातं ते कमी भरण्याची धास्तीही असतेच.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी हे फार आधी ओळखलं होतं. मराठी वाचकांना एलिस परके नाहीत. कि. मो. फडके यांनी त्यांचा विवेकनिष्ठ विचार आपल्याकडे रुजवला, आणि अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. एलिस सांगत, माणसाच्या कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. माझं आजचं भाषण अडखळत झालं, हे खरं. त्यावरून मी कमी दर्जाचा, हे कुठून आलं? आणि समजा भाषण झकास झालं, तरी मी थोर, हेही तितकंच खोटं. हा दुसरा अर्धा भाग पचवणं जास्त जड जातं, टाळ्या वाजत असतात ना!

एलिस नुसतं सांगून थांबत नसत. लाज वाटेल अशी निरुपद्रवी गोष्ट चारचौघांत जाऊन करा, असा गृहपाठ देत. उदाहरणार्थ, आगगाडीत मोठ्याने येणाऱ्या स्टेशनचं नाव पुकारा. लोक बघतील, हसतील, आणि पुढच्या स्टेशनवर उतरून जातील. आकाश कोसळत नाही हे ऐकून पटत नाही, ते बघावं लागतं.

आपल्याकडे अडखळणाऱ्यांनी नेमकं हेच सुरू केलं आहे. 2008 मध्ये डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' सुरू झाली, आणि आता पुण्या-मुंबईसह अनेक शहरांत अडखळणाऱ्यांचे स्वमदत गट भरतात. इथे कोणी कोणाला बरं करत नाही. एक प्रकार असतो, मुद्दाम अडखळायचा. जो शब्द सहज येतोय त्यावरही, 'मा-मा-माझं', असं सावकाश, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. मग रस्त्यावर जायचं, अनोळखी माणसाला पोस्ट ऑफिस कुठे आहे विचारायचं आणि मुद्दाम अडखळायचं. नव्या माणसाला हे वेड वाटतं. आयुष्यभर जे टाळलं ते मुद्दाम करायचं? पण ज्या गोष्टीला भिऊन आपण पळत होतो तीच आपण ठरवून केली, की भीतीचा पाया हलतो. मघाशी सुरुवातीला मी जे सांगितलं ते प्रास्ताविक नव्हतं, तो याच गृहपाठाचा भाग होता. लपवायचं काही उरलं नाही, म्हणून माझा तास सोपा झाला. तुमचाही झाला असावा. मघापासून कोणी छताकडे बघत नाहीये.

गटात येणारा प्रत्येक नवा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. "स्वीकारलं, की किती महिन्यांत जाईल?" आम्ही सगळे हसतो, कारण आम्ही प्रत्येकाने तो विचारलेला असतो. यात खरी मेख आहे. भीती कमी झाली की धडपड कमी होते, आणि धडपड कमी झाली की बोलणं बहुधा सुटं होतं, हे खरं. पण सुटं व्हावं म्हणून जो स्वीकारतो त्याने काहीच स्वीकारलेलं नसतं. तो रोज मोजतो, आज किती वेळा अडलो. लपवण्याऐवजी आता मोजणं.

आणि उपचाराचं काय? स्वीकार म्हणजे उपचार नको, असं मी मुळीच म्हणत नाही. तीन-चार वर्षांचं मूल अडखळत असेल तर 'होईल आपोआप' म्हणत बसू नका, वाचोपचारतज्ज्ञाला दाखवा. त्या वयात उपचाराचा गुण येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मोठ्यांनीही जावं. फक्त 'आधी नीट बोलायला लागतो, मग मुलाखतीला जातो, मग लग्नाचं बघतो' असं आयुष्य दारात उभं करू नये. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज हे लायोनेल लोग या वाचोपचारतज्ज्ञाकडे कित्येक वर्षं जात होते, आणि अडखळणं पूर्ण गेलं नव्हतं तेव्हाच त्यांनी 3 सप्टेंबर 1939 ला युद्धाच्या घोषणेचं भाषण केलं. आपल्याकडे ई. एम. एस. नंबुद्रिपाद अडखळतच 1957 मध्ये केरळचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. कोणीतरी विचारलं, तुम्ही नेहमीच अडखळता का? ते म्हणाले, नाही, फक्त बोलतानाच.

आता शेवटचं, आणि हे अडखळणाऱ्यांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. स्वीकाराचं सगळं ओझं ज्याच्या वाट्याला दुखणं आलं त्याच्याच खांद्यावर देण्याची एक सोयीस्कर रीत आहे. तू स्वतःला स्वीकार, आम्ही आहोत तसेच राहतो. हिंदी चित्रपटात तोतरा माणूस एक तर विदूषक असतो, नाही तर 'डर'मधल्यासारखा माथेफिरू. तोंडी परीक्षेत घड्याळ लावून मिनिटं मोजतात. मुलाखतीत 'संवादकौशल्य' नावाचा रकाना असतो, आणि त्यात मुळात काय मोजतात तर वेग. अशा जगात कोणी कितीही स्वीकार केला तरी त्याला रोज नव्याने करावा लागेल.

इथे शिक्षक बरेच बसले आहेत, म्हणून शाळेचं बोलतो. सकाळच्या परिपाठात सुविचार कोण वाचतो, बातम्या कोण वाचतो, आणि घंटा वाजवायला, फळा पुसायला कोण असतो, एकदा बघा. घंटेपाशी तुम्हाला आमचा एखादा पोरगा सापडेल. दयेने ठेवलेला असतो तो तिथे. शिक्षकांना वाटतं आपण त्याला वाचवलं. त्याला कळतं ते हे, की त्याचा आवाज मुलांसमोर येण्याच्या लायकीचा नाही. त्याला सगळ्यांसमोर विचारू नका, बाजूला घेऊन विचारा, वाचायचंय का? सुरुवातीला मित्राबरोबर दोघांनी मिळून वाचू दे, एका सुरात बहुतेक अडत नाही हे मघाशी सांगितलंच. महिनाभराने तो म्हणाला, की एकट्याने वाचतो, तर एकट्याने वाचू दे. अडला तर मागून शब्द पुरवायचा नाही, हसणाऱ्या मुलाला तिथेच ओरडायचंही नाही, कारण मग सगळ्यांचं लक्ष सुविचारावरून त्याच्या तोंडाकडे जातं. उभं राहायचं आणि ऐकायचं. परिपाठ दोन मिनिटं लांबेल. पहिला तास दोन मिनिटं उशिरा सुरू करा.